धरणाऱ्याचा हात

या, असे जवळ सरका. मागच्यांनीही पुढे या. भिंतीला टेकून, पाय लांब करून ऐकायची ही गोष्ट नाही. ज्याचं नाव घेऊन तुम्ही सकाळी उठता त्याचं नाव मनात घ्या आणि दोन्ही हात मांडीवर उघडे ठेवून बसा, कारण आज सांगायचं आहे ते हातांचंच आहे. गोड सांगेन असं वचन देत नाही. खरं सांगेन, आणि मधेच टाकून उठणार नाही, एवढं मात्र देतो.

एका माणसासाठी त्याच्या त्रेसष्टाव्या वर्षी लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि त्या त्याला थोबाडीत बसल्यासारख्या लागल्या. तिथून सुरुवात. तिसऱ्या मजल्यावरचा हॉल, एका भिंतीला छतापर्यंत आरसे, खाली काळं रबर, कोपऱ्यात गुंडाळून उभ्या केलेल्या मॅट. म्हाताऱ्या माणसांकडून व्यायाम करून घ्यायचं सर्टिफिकेट तिथे मिळायचं. अकरा विद्यार्थी, त्यातले दहा पंचविशीच्या अलीकडचे-पलीकडचे, अकरावा हा. शिकवणारी मॅडम अठ्ठावीस वर्षांची, बोलायला फटकळ, मनाने निर्मळ. त्या दिवशी तिने वर्गातल्या एका मुलीला मॅटवर उताणी निजवली होती आणि मानेचे ताठरलेले स्नायू नुसत्या हाताच्या आधाराने कसे सैल होतात ते प्रत्येकाला करून बघायला सांगत होती. मुलगी लाकडासारखी ताठ. एकेकाने हात लावला, ती खुदकन हसली किंवा अधिकच आखडली. मॅडम म्हणाली, काका, आता तुम्ही बघा. हा गुडघ्यावर बसला. डावा तळवा कानामागे, अंगठा जबड्याच्या हाडाखाली, उजव्या हाताची बोटं कपाळावरून डोळ्याच्या कडेपर्यंत. विचार केला नाही; हात आपले आपण जागेवर गेले, जसा रोजचा माणूस अंधारातही आपल्या घराची कडी चाचपतो. मुलीचा श्वास एकदा अडला आणि मग लांब झाला. खांदे पडले. तोंड किंचित उघडलं. डोकं त्याच्या तळव्यात सगळ्या वजनानिशी आलं, आणि ते वजन त्याच्या ओळखीचं होतं. मॅडम हळू आवाजात म्हणाली, बघा, याला हात म्हणतात, हा शिकवून येत नाही. तेव्हा टाळ्या पडल्या. तो मात्र मुलीच्या गळ्याकडे बघत होता. तिथे एक शीर टकटक करत होती आणि तिची पापणी पूर्ण मिटली नव्हती. खालून पांढऱ्याची बारीक रेघ दिसत होती. तो उठला, संडासाकडे गेला आणि नळाखाली हात धरले. बोटं, तळवे, मनगटं, मग कोपरापर्यंत. कोपराच्या वरपर्यंत. शर्टाच्या बाह्या भिजल्या तरी पाणी चालूच.

कोपराच्या वरपर्यंत हात धुणारी माणसं जगात थोडी. हा त्यातला होता. शहराच्या कत्तलखान्यात एकतीस वर्षं त्याने एकच काम केलं, आणि त्या कामाचं नाव होतं धरणारा. मारणारा तो नव्हे. मारणारा वेगळा, त्याला सुरीवाला म्हणत. उताराच्या वाटेने एकेक जनावर यायचं, ओल्या फरशीवर त्याचे पाय घसरायचे, पुढे गेलेल्याचा वास त्याच्या नाकात शिरायचा आणि ते थरथरायला लागायचं. थरथरणाऱ्या जनावराचं मांस कडक होतं, शिवाय हिसका बसला की सुरी भलतीकडे जाते, म्हणून धरणारा लागतो. इतर धरणारे दोर वापरत, शिंगं पिरगाळत, नाकात बोटं घालत. याने कधी दोर हातात घेतला नाही. कानामागे एक हात, डोळ्यावर एक हात, आणि तोंडाने हळूहळू काहीबाही बोलणं, आई झोपवताना पोराशी बोलते तसं. जनावर मान खाली घालायचं, याच्या मांडीवर टेकायचं, उसासा सोडायचं. त्याच उसाशात मागून सुरीवाला यायचा. एकच फेर. मग गरम पाण्यासारखं काहीतरी याच्या पोटऱ्यांवरून जायचं, आणि हा तोवर डोळ्यावरचा हात काढायचा नाही, जोवर खालची पापणी स्वतःहून हलायची थांबत नाही. दिवसाला साठ, कधी सत्तर. पाहुणे आले की साहेब त्यांना मुद्दाम याच्यापाशी आणत आणि म्हणत, बघा, आवाज ऐकू येतो का. येत नसे. हेच याचं भूषण. घरी आल्यावर जेवताना बायकोला सांगायचा, आजही एकसुद्धा ओरडलं नाही.

मग लोखंडी पेटी आली. बटण दाबलं की दोन्ही बाजूंनी पट्ट्या आवळायच्या, खालून एक दांडा हनुवटी उचलायचा, झालं. धरणाऱ्याची गरज संपली. त्यानंतर निवृत्तीपर्यंतची दोन वर्षं त्याला फाटकावरच्या खोलीत बसवलं, गाड्यांचे नंबर लिहायला. तिथे बसून त्याने पहिल्यांदा ती ओरड ऐकली. पेटी धरायची, पण फसवायची नाही. शेवटच्या क्षणापर्यंत जनावराला सगळं कळत राहायचं, आणि ते सांगत राहायचं. भिंतीतून, पत्र्यातून, टेबलाच्या लाकडातून ती ओरड त्याच्या कोपरांत यायची. आधी त्याला वाटलं, बघा, माझ्या हातावाचून कसे हाल चाललेत बिचाऱ्यांचे. असं वाटण्यात त्याचे सहा महिने बरे गेले. मग एका दुपारी, काही कारण नसताना, पेनाचं टोपण लावता लावता मनात आलं, की हे नवीन नाही. हे आधीपासूनच होतं. हीच ओरड त्यांच्या घशात होती आणि एकतीस वर्षं ती आपल्या तळव्याखाली दाबलेली होती. त्या दिवशी त्याने सात गाड्यांचे नंबर चुकवले.

बायकोचं मरणही त्याच हातावर आहे. निवृत्तीनंतर चौथ्या महिन्यात तिच्या छातीत पाणी झालं. दवाखान्यात अकराव्या दिवशी ती श्वासासाठी झगडत होती. पलंगाचा गज पकडून उठू बघायची, नळ्या ओढायची, दोन नर्सनी धरली तरी आवरत नव्हती. काहीतरी सांगायचं होतं तिला. डोळे याच्यावर रोखलेले, ओठ हलत होते, आवाज फुटत नव्हता. नर्स म्हणाली, तुम्ही जरा जवळ या, घरच्या माणसाचा हात लागला की बरं वाटतं. हा गेला. दुसरं काय येत होतं त्याला. तळवा कानामागे, बोटं डोळ्यावर, आणि ओठांवर तेच काहीबाही. ती सैल झाली. उसासा सोडला. नर्स पुढे म्हणाली, भाग्यवान हो, किती शांत गेल्या. दारात मुलगी उभी होती. लहानपणी एकदा ती बापाचा डबा घेऊन कामावर आली होती आणि वाट चुकून आतल्या फरशीपर्यंत पोचली होती. तिने त्या हाताकडे पाहिलं, बापाकडे पाहिलं, आणि काही बोलली नाही. त्याबद्दल पुढची काही वर्षं बोललीच नाही. आई काय सांगत होती, हा प्रश्न दोघांच्या मधे पसरलेल्या ओल्या कपड्यासारखा होता. त्याला स्पर्श न करता दोघं बाजूबाजूने जात.

तर असा माणूस व्यायामाच्या वर्गात का शिरला? डॉक्टर म्हणाला होता साखर वाढलीय, हातपाय हलवा, म्हणून तो जवळच्या व्यायामशाळेत म्हाताऱ्यांच्या वेळात जाऊ लागला. तिथे एकदा एक आजीबाई मॅटवर बसताना कलंडल्या आणि त्यांना उठता येईना. तिथल्या पोरीने त्यांना ओढून उभं केलं नाही. शेजारी बसून सांगितलं, आजी, कुशीवर वळा. आता कोपर. आता एक गुडघा. घाई नाही. आता तो पाय पुढे. आणि आजीबाई, नाक ओढत, शिव्या घालत, उभ्या राहिल्या. धरणारा तोंड उघडं टाकून बघत राहिला. जे जे देह त्याच्या हाताला लागले होते ते सगळे उभ्याचे आडवे झाले होते. उलट दिशेने हे होताना त्याने कधी पाहिलंच नव्हतं. त्या रात्री त्याने देवाकडे काही मागितलं, फार वर्षांनी. एकदा, एकच वेळ, माझ्या हाताखालून कुणीतरी उठावं. पाप फिटावं म्हणून नाही, तेवढा तो भाबडा नव्हता. त्याला फक्त जाणून घ्यायचं होतं, की या हातांना ते येतं की नाही.

व्यायामशाळेच्या फळ्यावर कागद होता, प्रशिक्षकाचा सहा महिन्यांचा अभ्यासक्रम, वयाची वरची अट नाही. मुलीला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, बाबा, साठी उलटल्यावर माणसं जपमाळ ओढतात, तुम्ही लोकांना उठाबशा काढायला लावणार? तो म्हणाला, उठा तेवढं शिकवेन, बशा त्यांना येतात. ती हसली. बऱ्याच दिवसांनी हसली, आणि हसताना थांबली.

पुस्तक जाड होतं. नाकावर चष्मा, हातात पेन्सिल, शाळा सोडून अठ्ठेचाळीस वर्षं झालेली. नावं जिभेला अडखळायची, पण चित्रं नाही. कातडं काढलेली माणसं पानोपानी उभी होती आणि त्यांचा एकेक पदर त्याच्या ओळखीचा होता. कुठला स्नायू कुठल्या पांढऱ्या पडद्यातून अलगद सुटतो, कुठे बोट घातलं तर दोन थर आपोआप वेगळे होतात, खांद्याचं पातं कुठे नुसतं मांसावर तरंगत असतं. मॅडमने एकदा विचारलं, काका, हे पुस्तकात नाही, तुम्हाला कसं ठाऊक. तो म्हणाला, नोकरीत बघितलं. कुठली नोकरी? सरकारी, तो म्हणाला, आणि वर्ग हसला. लेखी परीक्षेत त्याला शंभरात एकाहत्तर पडले, दहांपैकी चौघांहून जास्त. राहिलं प्रॅक्टिकल. त्यासाठी साठीच्या पुढचा एक माणूस आपला आपण शोधायचा, आठ आठवडे त्याला तयार करायचा, आणि बाहेरून आलेल्या परीक्षकासमोर त्याला जमिनीवर निजवून पुन्हा उभं करून दाखवायचं. माणसं मिळायला तोटा नव्हता. त्याच्याच जिन्यात तीन म्हातारे आशेने बसले होते. पण त्या टाळ्यांनंतर अनोळखी मानेला हात लावायचा त्याला धीर होईना. ती बिचारी माणसं विश्वासाने डोकं ठेवतील. न जाणता ठेवतील. जनावरंही तशीच ठेवायची. त्याला असा माणूस हवा होता ज्याला हा हात काय आहे ते ठाऊक आहे. असा जिवंत माणूस जगात एकच होता.

सुरीवाला अडुसष्टचा झाला होता. मुलाच्या घरी चौथ्या मजल्यावर. मुलगा फिरतीवर, सून नोकरीला. उजवा खांदा गोठलेला, पाठीला पोक, पण जीभ होती तशीच. याने हकीकत सांगितली तर तो खो खो हसला. म्हणाला, तू ट्रेनर आणि मी पहिलवान, बरं आहे, दोघांची मिळून हाडं पाच शेर भरतील. मग हसणं एकदम गेलं. खिडकीकडे बघत सांगू लागला, की दोन महिन्यांपूर्वी तो न्हाणीघरात पडला होता. सकाळी सातला. सून संध्याकाळी पाचला आली. मधले दहा तास तो तिथेच. कुठे मोडलं नव्हतं, नुसतं उठता येत नव्हतं. गाल फरशीवर, नळ ठिबकतोय, डोळ्यांसमोर पाणी जायची जाळी. पांढऱ्या फरशा रे, तो म्हणाला, सुनेने हौसेने बसवल्यात. आपल्याकडे होत्या तशाच. मला दहा तास दिसत होतं तिथून कसं दिसतं ते.  मग सुरीवाला म्हणाला, उठायला शिकवतोस? शिकव. पण एक सांगतो, कुठेही हात लाव, मानेला लावायचा नाही.

आठ आठवडे, सोमवार-गुरुवार, सकाळी आठ वाजता. खुर्चीवरून उठणं, भिंतीला हात टेकून दंड, पायाच्या चवड्यावर उभं राहणं. सुरीवाला प्रत्येक हालचालीगणिक शिव्या घालायचा आणि प्रत्येक वेळी एक जास्तीची करायचा. निजताना मानेखाली हात द्यायच्या ऐवजी ते टॉवेलची गुंडाळी ठेवत. पाचव्या आठवड्यात तो खुर्चीचा आधार घेऊन जमिनीवरून उठला, पण हा त्या वेळी दोन हात लांब उभा होता. उठला तो टॉवेलवरून. हाताखालून नाही. याच्या मनात ते सलत राहिलं, आणि आपल्याला ते सलतंय याची लाज वाटत राहिली. सहाव्या आठवड्यात, पाणी पिता पिता, याने न राहवून विचारलं, अजून भीती वाटते का माझी. सुरीवाल्याने पेला खाली ठेवला.

"भीती माझी वाटायला हवी होती त्यांना," तो म्हणाला. "मी सुरी घेऊन यायचो. लपवायचो नाही. मारणारा मारणाऱ्यासारखा दिसायचा. तू काय करायचास? तू त्यांना सांगायचास, काही होणार नाही म्हणून. तुझ्या मांडीवर डोकं ठेवून ती मेली, गड्या. माझ्या हातून मेली, पण तुझ्यावर भरवसा ठेवून मेली. मला रात्री झोप लागते. तुला लागते का?"

 याला लागायची, तीच तर गोष्ट. एकतीस वर्षं दगडासारखी झोप लागली होती. घरी परतताना रस्त्यातल्या काचांत त्याला स्वतःचे हात दिसत राहिले, पिशवी धरलेले, दाराची मूठ धरलेले, कठडा धरलेले. धरण्यापलीकडे यांनी आयुष्यात काही केलंच नव्हतं. कामावरचा पहिला धडा त्याला आठवला. जुन्या धरणाऱ्याने सांगितलं होतं, काहीही होवो, सोडायचं नाही. तू सोडलंस तर सुरीवाल्याची बोटं जातील. जनावर जितका हिसका देईल तितकं तू अंगाला लावून घे. एकतीस वर्षांत त्याने एकदाही सोडलं नव्हतं, आणि सुरीवाल्याची दहाच्या दहा बोटं शाबूत होती. पेल्याभोवती ती आत्ताच तर बघितली होती.

परीक्षेच्या दिवशी तोच हॉल, तेच आरसे. परीक्षक जाडजूड, घामट, हातात फाइल. सकाळपासून सातवा उमेदवार, चेहऱ्यावर कंटाळा. मॅडम दाराशी, बाकीची मुलं भिंतीला. सगळं नीट चाललं होतं. खुर्चीवरून उठबस झाली, चवडे झाले, खांदे झाले. सुरीवाल्याने परीक्षकालाच दोन टोमणे मारले आणि तोही हसला. मग जमिनीवर जायची वेळ आली. याने टॉवेलची गुंडाळी पुढे केली आणि परीक्षकाने ती पायाने बाजूला सारली. म्हणाला, माणूस रस्त्यात पडला तर उशी घेऊन पडतो का? हाताने आधार द्या डोक्याला, पुस्तकात आहे तसा. धरणारा जागीच थांबला. त्याला म्हणता आलं असतं, माझ्या माणसाची तयारी नाही, गुण कापा. जीभ तशी वळतही होती. पण आत कुठेतरी एक लबाड आवाज होता, आता तरी, आता तरी हाताखालून. त्याने सुरीवाल्याकडे पाहिलं. परक्या माणसांसमोर सुरीवाला माघार घेणारा नव्हता. तो म्हणाला, लाव.

याने लावला. डावा तळवा मानेखाली, आणि मग अंगठा, कुणी न सांगता, जबड्याच्या हाडाखाली. सुरीवाल्याची मान म्हाताऱ्या माणसाची, कातडी सैल, आत दोऱ्या ताणलेल्या. आणि त्या दोऱ्या सैल झाल्या. ज्याला सगळं ठाऊक होतं, जो त्या हाताशेजारी जन्मभर उभा होता, तोही सैल झाला. श्वास लांबला, टाच एकीकडे कलली, डोकं वजनासकट तळव्यात आलं. भिंतीकडून कुणीतरी वा म्हणालं. तेवढ्यात सुरीवाल्याचे डोळे उघडले. आपण सैल झालो हे त्याला कळलं, आणि ते कळणं याने त्याच्या डोळ्यांत अगदी जवळून पाहिलं. मग हिसका. सगळ्या अंगाचा, मणक्यापासूनचा. टाचा मॅटवर आपटल्या, गुडघा वर आला, घशातून आवाज निघाला, आणि तो आवाज माणसाचा नव्हता. तो पत्र्याच्या भिंतीतून यायचा तो होता. आणि धरणाऱ्याच्या हातांनी धरलं. त्याने नाही, हातांनी. जितका हिसका तितकं अंगाला लावून घे. उजवा तळवा डोळ्यांवर आला, गुडघा गोठलेल्या खांद्यावर आला, छातीचा भार खाली आला, आणि डोकं मॅटमध्ये रुतलं. खांद्यात काहीतरी कडकन वाजलं. परीक्षक ओरडला. मॅडम धावली. त्या दोघांच्या पलीकडे, सगळ्या गोंधळाच्या पलीकडे, धरणाऱ्याला फार बरं वाटत होतं. हे खरं आहे आणि खरं सांगायचं ठरलंय म्हणून सांगतो. फार दिवसांनी आपल्या कामावर आलेल्या माणसाला वाटतं तसं. त्याचे ओठ हलत होते. काहीबाही, हळूहळू, आई पोराशी बोलते तसं.

आणि मान वर करताना त्याला आरसा दिसला. कत्तलखान्यात आरसा नसतो. एकतीस वर्षांत, साठ-सत्तर दर दिवशी, त्या वेळी आपला चेहरा कसा असतो हे त्याने कधी पाहिलं नव्हतं. त्याला वाटायचं कठोर असेल, नाहीतर दुःखी असेल. तसं नव्हतं. आरशातला म्हातारा प्रेमाने बघत होता. खरंखुरं प्रेम; खोटं असतं तर एक वेळ बरं झालं असतं. आणि त्याच्या खाली एक माणूस तडफडत होता. हाच चेहरा बायकोने शेवटचा पाहिला. तिला काहीतरी सांगायचं होतं आणि वरून हा चेहरा येत होता.

सोडायचं कसं हे हातांना ठाऊक नव्हतं. तो हातांना सांगत होता आणि हात ऐकत नव्हते. करंगळी आधी उघडली. मग तिच्या शेजारचं बोट. अंगठा शेवटी, अंगठ्याला जबड्याचं हाड सोडवेना. एकतीस वर्षांची शिकवण एकेका सांध्यातून ओढून काढावी लागली, जुना खिळा लाकडातून काढावा तशी, आणि निघताना ती लाकडासारखीच करकरली. मग तळवे रिकामे झाले. त्याने ते दोन्ही वर केले आणि तोंड पुढे तसंच ठेवलं.

सुरीवाल्याचं डावं कोपर नाकातोंडावर बसलं. पुढचे दात गेले, खालचे दोन, त्यातला एक त्याने गिळला. दुसरा तडाखा कानावर, तिसरी लाथ पोटात. हा मागे कोसळला आणि रक्त घशात उतरू लागलं, गरम, खारट, आणि इतक्या वर्षांत हे पहिलं रक्त होतं जे त्याचं स्वतःचं होतं. छताचे दिवे गरगर फिरले. आणि मग त्याला दिसलं, की सुरीवाला उठतोय. कुशीवर वळणं नाही, कोपर नाही, गुडघा नाही, शिकवलेलं एकही नाही. हातपाय झाडत, धापा टाकत, मॅट गोळा करत, भलत्याच बाजूने, सगळे नियम मोडत, तो उठला. खुर्चीलाही शिवला नाही. उभा राहिला. पाय लटपटत होते, खांदा लोंबत होता, पण उभा होता. धरणारा खालून बघत होता. त्याच्या हाताखालून कुणीतरी उठलं होतं, आणि उठणारा माणूस खालून केवढा मोठा दिसतो हे त्याला ठाऊक नव्हतं.

परीक्षकाने फाइलमध्ये लिहिलं, उमेदवाराने बळाचा वापर केला, अनुत्तीर्ण. त्याचं चुकलं असं कोण म्हणेल. मॅडम रागाने रडत होती. याच्या नाकाला कापूस लावता लावता म्हणाली, काका, कोण आहात तुम्ही, काय करत होतात तुम्ही आयुष्यभर. त्याने सांगितलं. एका वाक्यात, फुटक्या ओठांनी. तिचा हात आपोआप स्वतःच्या गळ्याकडे गेला, आणि जिची मान धरल्यावर त्याला टाळ्या पडल्या होत्या ती मुलगी भिंतीला टेकून खाली बसली. तरी मॅडमने कापूस लावायचं थांबवलं नाही. हेही सांगायला हवं.

जिन्यात सुरीवाला भेटला, गळ्यात झोळी अडकवलेला, हात त्यात. दोघं एका पायरीवर बसले. 

"लागलं का?" सुरीवाल्याने विचारलं.

"लागलं."

"फार?"

"फार लागलं."

सुरीवाल्याने मान हलवली. म्हणाला, बरं झालं. मग थोड्या वेळाने म्हणाला, तू सोडलंस. तिथे सोडलं असतंस तर माझी बोटं गेली असती. यावर धरणारा हसायला गेला आणि ओठ पुन्हा फुटला. हसणं आणि रडणं एकाच नळातून येतं, त्यामुळे नक्की काय आलं ते सांगता येत नाही. त्याने बाहीने तोंड पुसलं, मुलीला फोन लावला आणि तिने हॅलो म्हटल्यावर म्हणाला, तुझी आई काहीतरी सांगत होती आणि मी तिला सांगू दिलं नाही.  मग पलीकडून ऐकू आलं. मुलगी ओरडत होती. जे काही साठलं होतं ते सगळं, शिव्याशापांसकट, श्वास न घेता. त्याने फोन कानाला धरून ठेवला नाही, पायरीवर ठेवला, उघडा, आणि तिचं पूर्ण होईपर्यंत दोन्ही म्हातारे त्या आवाजापाशी बसून राहिले.

पुढे त्याने सहा महिन्यांनी पुन्हा अर्ज भरला, आणि मॅडमने विचार करायला आठ दिवस घेऊन तो स्वीकारला, एवढंच मला ठाऊक आहे. पास झाला की नाही ते विचारू नका. आता उठा, आपापल्या घरी जा. पण वाटेत आपले हे दोन हात एकदा बघा. याच हातांनी आपण कुणाकुणाला प्रेमाने गप्प केलं असेल, देव जाणे. आणि कधी कुणी तुमच्या हाताखाली धडपडू लागलं, आणि मन म्हणालं की आणखी घट्ट धरूया, त्याच्या भल्यासाठीच, तर तेवढा एक क्षण त्या माणसाची आठवण ठेवा, ज्याला त्रेसष्टाव्या वर्षी अंगठा उघडायला शिकावं लागलं. नाव त्याला नाही. धरणारा म्हटलं तरी चालेल. तो ओ देईल.